‘द फायनल काउंटडाउन’ मंचावर उभे करताना : काळी तीनपासून शेवटच्या ठोक्यापर्यंत

स्टॉकहोमच्या उत्तरेला उप्लांड्स व्हेस्बी नावाचे उपनगर आहे. १९८०च्या दशकाच्या आरंभी तिथल्या जोई टेम्पेस्ट या तरुणाने मिक मिकाएली या मित्राचा कॉर्ग पॉलीसिक्स हा सिंथेसायझर उसना घेऊन त्यावर एक छोटी धून बसवली. ती पुढे काही वर्षे तशीच पडून होती. दरम्यान टेम्पेस्टच्या गटाने १९८२ साली स्वीडनमधली एक मोठी रॉक स्पर्धा जिंकली आणि ध्वनिमुद्रणाचा करार मिळवला. त्याच सुमारास ‘फोर्स’ हे जुने नाव सोडून त्याने ‘युरोप’ हे नवे नाव घेतले. तिसऱ्या अल्बमच्या वेळी टेम्पेस्टला जुनी धून आठवली आणि तिच्याभोवती त्याने गाणे रचले. ‘द फायनल काउंटडाउन’ हे ते गाणे १९८६ साली बाहेर पडले आणि पंचवीस देशांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. ब्रिटनमध्ये ते पहिले आले, अमेरिकेत आठव्या स्थानापर्यंत पोहोचले.

या गाण्याला नाके मुरडणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि त्यांतले काही मान्यही आहेत. कीबोर्डचा आवाज भडक आहे, पृथ्वी सोडून शुक्राकडे निघाल्याची कल्पना बाळबोध आहे आणि ध्रुवपदात शीर्षकापलीकडे फारसे काही नाही. तरीही पहिले दोन सूर वाजले की मैदानातली, लग्नाच्या मंडपातली किंवा महाविद्यालयाच्या प्रांगणातली माणसे माना वर करतात. असे का होते, हे नुसते ऐकून जेवढे कळते त्याहून कितीतरी अधिक ते गाणे स्वतः बसवताना कळते, असा माझा अनुभव आहे. म्हणून स्नेहसंमेलनात, सोसायटीच्या कार्यक्रमात किंवा मित्रांच्या मैफलीत हे गाणे सादर करू इच्छिणाऱ्या हौशी गटांसाठी हा लेख लिहीत आहे. एक कीबोर्ड, एक गिटार, बास, ड्रम आणि गाणारे दोन-तीन गळे एवढी सामग्री आणि तालमीसाठी साधारण सहा आठवडे हाताशी आहेत, असे मी गृहीत धरतो.

आधी ऐकणे

वाद्याला हात लावण्यापूर्वी पूर्ण गटाने एकत्र बसून मूळ ध्वनिमुद्रण चार वेळा ऐकावे. अल्बमवरचे गाणे पाच मिनिटांहून थोडे मोठे आहे, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत हे काम होते. प्रत्येक वेळी कान एकाच गोष्टीवर ठेवावा : पहिल्यांदा फक्त ड्रम आणि बास, दुसऱ्यांदा फक्त कीबोर्ड, तिसऱ्यांदा फक्त गळे, आणि चौथ्यांदा कोणते वाद्य केव्हा गप्प बसते ते. हे चौथे ऐकणे सर्वांत महत्त्वाचे आहे. आरंभी खर्जातला एक घनगंभीर ध्वनी पसरतो, कीबोर्डची तुतारी एकटीच उठते, ड्रम तिला येऊन मिळतात आणि मगच सगळा गट एकदम कोसळतो. कडव्यात पुन्हा सारे खाली उतरते आणि गळ्याला जागा मिळते. हौशी गट बहुधा इथेच चुकतात. सगळे जण पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत सारख्याच जोराने वाजवत राहतात आणि चढायला जिना उरत नाही.

टेम्पेस्टने हे गाणे मुळात मैफलीचा आरंभ करण्यासाठी रचले होते. ही गोष्ट लक्षात ठेवली की त्याची पूर्ण बांधणी उलगडते. पडदा वर जाताना लोकांना जागेवरून उठवणे एवढेच त्याचे काम आहे आणि त्यातला प्रत्येक भाग त्याच कामाला जुंपलेला आहे.

पट्टी ठरवणे

मूळ गाणे एफ-शार्प मायनरमध्ये आहे, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत षड्ज काळी तीन. गंधार, धैवत आणि निषाद कोमल, बाकीचे स्वर शुद्ध. ज्यांनी लहानपणी पेटी शिकली आहे त्यांनी याकडे आसावरी थाट म्हणून पाहावे, म्हणजे अर्धी भीती तिथेच जाते. रागाचे चलन इथे शोधू नये, ते नाही. पण सप्तक ओळखीचे असले की बोटे लवकर बसतात.

टेम्पेस्टचा आवाज पातळ, टोकदार आणि वरच्या पट्टीत सहज फिरणारा होता. आपल्यातल्या बहुतेक पुरुष गायकांना काळी तीनमध्ये हे ध्रुवपद ताणून गावे लागते, आणि ताण ऐकू आला की गाण्यातला विश्वास नाहीसा होतो. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. मुख्य गायकाने ध्रुवपदातली सर्वांत उंच ओळ सलग पाच वेळा पूर्ण आवाजात गावी. पाचवी वेळ पहिल्या वेळेइतकीच मोकळी आली तर पट्टी योग्य आहे. गळा आवळला तर दोन अर्धस्वर खाली, सफेद तीनमध्ये या. सफेद तीनचा एक मोठा लाभ असा, की गिटारची सर्वांत जाड तार मोकळी सोडली की तीच षड्ज देते, त्यामुळे पुढे सांगितलेला घोडदौडीचा ठेका हाताला फार सोपा जातो. उलट गळा सक्षम असेल आणि मूळ पट्टीच ठेवायची असेल, तर गिटारवाल्याने दांडीवरच्या दुसऱ्या घरात कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून हीच सोय करून घ्यावी.

पट्टी एकदा ठरली की बदलू नये. कीबोर्डवर पट्टी सरकवण्याचे बटण असते आणि त्याचा मोह होतो. मात्र तालमीत एका पट्टीत आणि कार्यक्रमात दुसऱ्या पट्टीत वाजवणाऱ्याचे कान ऐन वेळी दगा देतात.

धून

इथे सावकाश जावे लागेल, कारण या गाण्याचा प्राण याच चार तुकड्यांत आहे. काळी तीन षड्ज मानून (ग आणि ध कोमल) ते असे :

प म प सा

ध प ध प म

ध प ध सा

म ग म ग रे म

प्रत्येक तुकड्याचे पहिले दोन स्वर झटकन येतात आणि तिसरा ठासून उभा राहतो. पहिल्या ओळीत ‘प म’ हे दोन स्वर एखाद्याने उंबरठा ओलांडण्याआधी पटकन टाकलेल्या दोन पावलांसारखे आहेत. त्यांनंतरचा पंचम म्हणजे दारात रोवलेला पाय, आणि खालचा षड्ज म्हणजे घरात येणे. एकही तुकडा समेवर उठत नाही. सम बास आणि ड्रमची आहे आणि धून तिला दिलेले उत्तर आहे. नवशिका वाजवणारा नेमका समेवरच उडी घेतो आणि मग सगळे स्वर बरोबर असूनही ‘काहीतरी चुकते आहे’ असे वाटत राहते. हे टाळायचे असेल तर आधी धून वाजवू नये. एकाने टाळीवर सम द्यावी, दुसऱ्याने सरगम तोंडाने म्हणावी. तोंडाला जागा सापडली की बोटांना सापडायला वेळ लागत नाही.

दुसरे असे, की या चार ओळींत कोमल निषाद कुठेच नाही. सहा स्वरांत काम भागवले आहे. सातवा स्वर चौथ्या ओळीखालच्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छात, लपलेला आहे. चारही कॉर्ड आपल्या स्वरांत मांडल्या तर पहिली सा-ग-प, दुसरी ध-सा-ग, तिसरी म-ध-सा आणि चौथी नि-रे-म होते (ग, ध, नि कोमल). ही चौथी कॉर्ड लागते तेव्हा षड्ज पूर्ण सुटतो, धून ‘रे म’वर अर्धवट लटकते आणि कानाला घरी परतण्याची ओढ लागते. म्हणून पहिल्यापासून पुन्हा वाजवावेच लागते. हे गाणे डोक्यात अडकते आणि दिवसभर निघत नाही असे लोक म्हणतात, त्याचे कारण मला या अपुऱ्या सोडलेल्या चौथ्या ओळीत दिसते.

सरावाची लय मेट्रोनोमवर मिनिटाला ७० मात्रांपासून सुरू करावी. मूळ लय ११८ आहे. त्या लयीत चार मात्रांचे आवर्तन साधारण दोन सेकंदांत संपते, म्हणजे चारही ओळी मिळून आठ सेकंद. सलग दहा वेळा निर्दोष वाजल्याशिवाय लय वाढवू नये आणि वाढवताना चार-चार मात्रांनीच वाढवावी. ९० ते १०० या टप्प्यात ‘प म’ आणि ‘ध प’ हे जोडस्वर एकमेकांत चेंगरू लागतात. त्यासाठी कोणती बोटे वापरायची ते कागदावर लिहून ठेवावे आणि दर वेळी तीच वापरावीत. मी तर्जनीपेक्षा मधल्या बोटावर अधिक भरवसा ठेवतो, पण हा हाताहाताचा प्रश्न आहे.

आवाजाची निवड

ध्वनिमुद्रणात गटाचा कीबोर्डवादक झालेल्या मिकाएलीने रोलँड जेएक्स-८पी या सिंथेसायझरचा पितळी वाद्यांसारखा आवाज आणि यामाहा टीएक्स-८१६ या यंत्राचे आवाज एकावर एक रचले होते. एकाने गोलाई दिली आणि दुसऱ्याने धार. आज साध्या घरगुती कीबोर्डवरही ‘सिंथ ब्रास’ या नावाचे आवाज असतात. त्यांतला एक मऊ आणि एक कडक निवडून दोन्ही एकत्र लावावेत, कडक आवाज थोडा खाली ठेवावा. व्हायोलिनसमूहाचा आवाज लावू नये. तो हळूहळू फुलतो आणि दोन झटपट स्वर त्यात बुडून जातात. प्रतिध्वनीही बेताचाच ठेवावा, कारण आपल्याकडची बरीच सभागृहे मुळातच घुमतात. घरी छान वाटलेला पसारा तिथे नुसता गोंगाट होतो.

या आवाजावरून खुद्द गटातच मतभेद होते. गिटारवादक जॉन नोरम याला कीबोर्डचे वाढते वर्चस्व पसंत नव्हते. गाणे जगभर गाजत असतानाच, १९८६ सालीच, तो गट सोडून गेला आणि त्याच्या जागी ‘की मार्सेलो’ नावाचा गिटारवादक आला. नोरमची तक्रार समजण्यासारखी आहे. पण ही तुतारी काढून घेतली तर खाली एक चांगले, नेटके रॉक गाणे उरते, आणि तशी गाणी त्या दशकात शेकडो झाली. ज्या भडकपणाबद्दल या आवाजाला नावे ठेवली जातात, त्याच भडकपणामुळे तो मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ओळखू येतो.

ठेका

बास आणि गिटार यांचा ठेका घोड्याच्या टापेचा आहे : एक मोठा आघात आणि दोन छोटे. तबल्याच्या भाषेत ‘धाऽतिट धाऽतिट’ असे म्हणून पाहा. मात्रेचे चार भाग केले तर पहिल्या दोघांत ‘धाऽ’, तिसऱ्यात ‘ति’ आणि चौथ्यात ‘ट’. गिटारवाल्याने उजव्या तळहाताची कड तारांवर हलकी टेकवून हे वाजवावे, म्हणजे आवाज दबका आणि टोकदार येतो. बासवाल्याने शक्यतो एकाच स्वरावर राहावे आणि कॉर्ड बदलेल तेव्हाच हलावे. मधली कलाकुसर इथे खपत नाही.

सर्वांत मोठा धोका लय पळण्याचा आहे. आमच्या गटाने हे गाणे प्रथम केले तेव्हा ११८ला सुरू झालेली लय गिटारच्या एकल तुकड्यापर्यंत १३०च्या पुढे गेली होती. नंतर ध्वनिफितीवर मोजले तेव्हा ते कळले. मंचावर आम्हांला फक्त एवढेच जाणवत होते, की माझी बोटे ‘ध प ध प म’ पुरे करू शकत नाहीत आणि गायकाला श्वास घ्यायला जागा मिळत नाही. दोष एकट्या ड्रमवाल्याचा नव्हता. टाळ्या पडू लागल्या की सगळेच पुढे सरकतात. तेव्हापासून ड्रमवाल्याच्या एका कानात मेट्रोनोम असतो आणि बाकीचे सगळे त्याच्या उजव्या हाताकडे पाहतात. तालमीत एक दिवस केवळ ड्रम आणि बास यांनी पूर्ण गाणे अथपासून इतिपर्यंत वाजवावे. पाच मिनिटे लय न ढळू देता नुसता ठेका धरणे किती कठीण आहे, हे त्या दिवशी उमगते.

गळे

कडवे एकट्याने गावे आणि जवळजवळ बोलल्यासारखे गावे. शब्दांत निरोपाची भावना आहे : आपण निघालो आहोत, परत येऊ की नाही ठाऊक नाही. डेव्हिड बोवीच्या ‘स्पेस ऑडिटी’ या गाण्यावरून ही कल्पना सुचल्याचे टेम्पेस्टने सांगितले आहे. बोवीचे गाणे एकाकी आहे. टेम्पेस्टने मात्र तीच यात्रा सगळ्यांना बरोबर घेऊन निघालेली दाखवली. म्हणून ध्रुवपद एकट्याचे राहता कामा नये. निदान दोन गळे मुख्य सुराच्या वर-खाली लावावेत. स्वरमेळ जमत नसेल तर सर्वांनी एकाच सुरात गावे. बेसूर मेळापेक्षा ते कितीतरी बरे ऐकू येते.

ध्रुवपदात शीर्षकाची ओळ संपते आणि तिच्या पाठोपाठ कीबोर्ड उत्तर देतो. ही सवाल-जवाबाची रीत आपल्या श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. गायकाने ओळ संपताच माईक खाली घ्यावा आणि कीबोर्डकडे वळावे. श्रोते ती धून तोंडाने म्हणू लागतात, त्यांना सांगावे लागत नाही. शब्द न येणारा माणूसही या गाण्यात सामील होतो, कारण त्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग शब्दांचा नाहीच.

गिटारचा एकल तुकडा

दुसऱ्या ध्रुवपदानंतर नोरमचा वेगवान एकल तुकडा येतो. गिटारवाल्याकडे सहा आठवड्यांत तो जशाच्या तसा वाजवण्याइतका हात नसेल, तर त्यातल्या ठळक, गाता येणाऱ्या ओळी ठेवून मधल्या धावत्या ताना सोपा आधारस्वर धरून पार कराव्यात. लांबी मात्र मूळ तेवढीच ठेवावी, म्हणजे पुढे परत येणारी धून योग्य वेळी येते. तो तुकडा पूर्ण गाळणाऱ्या गटांना माझा सल्ला आहे, की तसे करू नका. त्या तुकड्याच्या वेळात श्रोत्यांचे कान कीबोर्डपासून दूर जातात, म्हणूनच धून परतते तेव्हा ती नव्याने भेटते.

सादर करताना

मला कळकळीने सांगायची गोष्ट इथे आहे. आमच्याकडच्या एका स्नेहसंमेलनात आम्ही हे गाणे गंमत म्हणून केले होते : केसांचे टोप, चकचकीत जाकिटे, मुद्दाम केलेले अतिरेकी हावभाव. पहिल्या मिनिटाला हशा पिकला आणि दुसऱ्या मिनिटाला लोक आपापसांत बोलू लागले. पुढच्या वर्षी तेच गाणे, त्याच सभागृहात, रोजच्या कपड्यांत आणि संपूर्ण गांभीर्याने वाजवले. धून परत आली तेव्हा मागच्या रांगा उभ्या होत्या. वादकांत फरक नव्हता आणि सरावही फारसा वाढलेला नव्हता. पहिल्या वर्षी आम्ही लोकांना खुणावत होतो, की हे गाणे आम्हांला खरे वाटत नाही. दुसऱ्या वर्षी ती खूण नव्हती. हे गाणे रचणाऱ्याने शुक्राकडे निघालेल्या यानावर पूर्ण विश्वास ठेवला होता. वाजवणाऱ्याने तो अर्ध्यावर सोडला तर उरते ते फक्त भडक कीबोर्ड आणि बाळबोध शब्द.

त्यामुळे निवेदकाला आधीच सांगून ठेवावे, की गाण्याची थट्टेखोर ओळख करून देऊ नये. शक्य असेल तर ओळखच नको. मंचावर अंधार करावा, खर्जाचा ध्वनी सुरू व्हावा आणि निदान दहा-पंधरा सेकंद कुणीही हलू नये. कीबोर्डचा पहिला पंचम लागेल तेव्हा त्या वादकावर एकच दिवा यावा, बाकीचे दिवे ड्रमबरोबर.

तांत्रिक बाजूचे थोडक्यात सांगतो. कीबोर्डची जोडवायर जादा ठेवावी, साउंड चेकला धून वाजवूनच आवाज लावून घ्यावा आणि कीबोर्डवाल्याच्या मॉनिटरमध्ये (मंचावर वादकाकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये) बास स्पष्ट ऐकू येईल असे पाहावे, कारण त्याची सम तिथे आहे. तिकीट लावून कार्यक्रम करत असाल तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे परवान्याची चौकशी आयोजकांनी वेळेत करावी. उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर बंदी असते, म्हणून हे गाणे कार्यक्रमाच्या शेवटासाठी राखून ठेवण्याचा आग्रह धरू नये. ते तसेही आरंभाचेच गाणे आहे.

शेवटाची तालीम मात्र स्वतंत्रपणे करावी. ध्रुवपद दोनदा घेऊन झाले, की धून अखेरची वाजवावी आणि चौथी ओळ ‘रे म’वर न लटकवता सगळ्यांनी मिळून षड्जावर एकच ठोका द्यावा. ड्रमवाल्याने झांज लगेच हाताने दाबावी, गिटारवाल्याने तारांवर तळवा ठेवावा आणि कीबोर्डवाल्याने बोटे उचलावीत, सगळे एकाच क्षणी. आमच्या गटाला हा एक ठोका जुळवायला दोन संध्याकाळी लागल्या. सर्वांनी ड्रमवाल्याच्या खांद्याकडे पाहायचे ठरवले, तेव्हा कुठे तो जुळला.